साळवे मॅडमनी न लावलेली पट्टी

साळवे मॅडमच्या शोकसभेत पाच जण बोलले. त्यातले चार जण खोटं बोलले. पाचवा मी होतो, आणि मला तिसऱ्या वाक्यालाच खाली बसवलं गेलं.

चौघांनी सांगितलं ते असं : मॅडमनी कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धाग्याचं, चांदी घातलेलं एक कापड तयार केलं, ते एका ऊसतोड बाईच्या चिघळलेल्या पायाला लावलं, पाय खडखडीत बरा झाला आणि अंबाजोगाईचं नाव झालं. एका संस्थाचालकानं "गोरगरिबांच्या जखमेवर चांदीचा हात" म्हणून टाळ्याही घेतल्या. शोकसभेत टाळ्या! मी उठून एवढंच म्हणालो, "मॅडमनी ती पट्टी कुणालाही लावली नाही. त्यांनी नकार दिला होता. ती बाई पायाला साधं गॉज बांधूनच फडात ऊस तोडायला गेली." तेवढ्यात माईक बंद झाला.

म्हणून हे लिहितोय. मी पत्रकं लिहिणारा माणूस. ऊसतोड मजुरांच्या संघटनेत काम करतो, रात्री लिहितो आणि सकाळी वाटतो. माझ्या वाक्याला भिंतीवर चिकटायची सवय आहे. पण मेलेल्या माणसाला न केलेल्या चांगल्या कामाचा हार घातलेला मला बघवत नाही. त्यांनी जे केलं ते त्या हारापेक्षा अवघड होतं. आजही मला ते पूर्ण पटलेलं नाही, हेही इथंच सांगून टाकतो.

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो तो एका पत्रकाचा मसुदा घेऊन. मॅडम तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. ठेंगणी बाई, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडीवर ॲसिडनं भोकं पडलेला पांढरा कोट. मी लिहिलं होतं, "हजारो ऊसतोड मजुरांचे हातपाय सडत आहेत."

"हजारो?" त्या म्हणाल्या. "मोजले का?"

"मॅडम, सगळ्यांना माहीत हाय."

"सगळ्यांना माहीत असतं ते मोजायला लई सोपं असतं. मग मोजलं कावून नाही?"

मी चिडलो. म्हणालो, मजूर मरतोय आणि तुम्हाला गणित सुचतंय. त्यांनी माझा कागद परत दिला आणि शांतपणे सांगितलं, "तू चिडलास तर चिड. पण उद्या कारखान्याचा वकील हाच प्रश्न विचारणार. तो चहा देणार नाही, मी देते." आणि खरंच बीकरमध्ये चहा उकळायला ठेवला. त्या दिवसापासून माझं नाव पडलं पत्रकवाला. "ये रे पत्रकवाल्या, आज कुणाला फाशी देतोस?"

मॅडम मूळच्या उमापूरच्या, बौद्ध वस्तीतल्या. नवरा वारलेला, मूल नाही, घरी एक म्हातारी सासू. तिच्याशी त्यांचं रोज भांडण आणि रोज एका ताटात जेवण. चरित्र एवढं पुरे. माणूस चरित्रात सापडत नसतो.

मॅडम सापडायच्या प्रयोगशाळेच्या मागच्या अडगळीच्या खोलीत. गावोगाव रंगीत टीव्ही यायला लागले होते आणि जुने काळे-पांढरे संच भंगारात निघत होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. देश खुला झाला, बाजार आला, म्हणून सगळे नाचत होते. मॅडमच्या वाट्याला त्या बाजाराचं भंगार आलं. मंडीतल्या एका टीव्ही मेकॅनिककडून त्यांनी जुन्या संचातला तो भाग काढून आणला, ज्यातून पडद्यामागं हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. त्याची वायर इंजेक्शनच्या सुईला जोडली. सिरिंजमध्ये डिंकासारखं दाट रसायन भरलं, त्यात थोडा चांदीचा क्षार टाकला, समोर तेलाच्या रिकाम्या डब्याला ॲल्युमिनियमचा चंदेरी कागद गुंडाळून ठेवला. बटण दाबलं की सुईच्या टोकावरचा थेंब खाली पडायचाच विसरायचा. तो समोर ताणला जायचा, टोकदार व्हायचा, आणि त्या टोकातून काहीतरी निघायचं. दिसायचं मात्र काहीच नाही. बराच वेळ बघत बसलं की डब्यावर धुक्यासारखा थर जमलेला दिसे. तो सोलून काढला की हातावर घेतल्याचं कळत नसे.

"केस उभा चिरून त्याचे शेकडो भाग केलेस तर त्यातला एक म्हणजे हा धागा," त्या सांगायच्या. "यातून हवा जाते, पाण्याची वाफ जाते, जंतू जात नाही. आणि गेलाच तर आत चांदी बसलीय."

विजेच्या त्या दाबामुळं त्यांना एक सवय जडली होती. यंत्राजवळ जाताना डावा हात पाठीमागं कंबरेवर. दोन्ही हात पुढं गेले आणि चुकून दोन्हीकडं लागलं तर वीज छातीतून जाते, म्हणून एक हात कायम मागं. पुढं पुढं त्या कुठंही तशाच उभ्या राहायला लागल्या. वर्गात, भाजी मंडईत, लग्नाच्या मांडवात. पोरं त्यांची नक्कल करायची. एकदा एका पोरानं नक्कल चालू असताना मागं वळून बघितलं तर मॅडम उभ्या. त्या म्हणाल्या, "हात बरोबर ठेवलास. पण पायात चप्पल नाही तुझ्या. मेला असतास."

आमच्या जिल्ह्याचं कोरडं ऊन त्यांना फार उपयोगाचं. हवेत ओल असली की धागा सुकत नाही, नुसते थेंब उडतात. त्यामुळं सगळं गाव आभाळाकडं डोळे लावून बसलेलं असताना मॅडम एकट्या खुशीत असायच्या. "शाप कुणाला द्यायचा ते ठरवा," म्हणायच्या, "पण माझं काम होईपर्यंत पाऊस नको." सासू आतून ओरडायची, "अगं, असलं बोलू नको, लोक मारतील!"

आणि त्यांचा एक प्रश्न होता. तो सगळ्या कॉलेजाला पाठ. जंतू वाढवायच्या काचेच्या ताटलीत त्या आपल्या जाळीची गोल चकती ठेवायच्या आणि शेजारी बिनचांदीची, तशीच दिसणारी दुसरी, कोरी. चांदीच्या चकतीभोवती जंतू मेले, एवढ्यानं भागत नाही. कोरीभोवती ते जगले पाहिजेत. नाहीतर ते चांदीनं मेले की आणखी कशानं, कसं कळणार? कुणी काही ठासून सांगायला लागलं की मॅडम विचारायच्या, "कोरी कुठाय?" मेहुण्यानं नव्या खताची तारीफ केली, "कोरी कुठाय? शेजारचं वावर तसंच ठेवलं होतंस का?" आमदारानं सभेत विकास झाला म्हणून सांगितलं, मॅडम तिसऱ्या रांगेतून, "कोरी कुठाय?" आमदाराला वाटलं बाई कुणाला तरी शोधतेय. त्यानं माणूस पाठवला.

मग एक कंपनीचा माणूस आला. कुठली कंपनी ते सोडा; तेव्हा असे सूटबूटवाले सुटकेस घेऊन कुठंही उगवायचे. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की इथं एक बाई फुकटात काहीतरी भारी करते. मी तिथंच होतो. मॅडमनी त्याला जाळी दाखवली. चांदीवर उजेड पडला की ती तपकिरी पडते, त्यामुळं जाळी चहाच्या डागासारखी दिसत होती.

"मॅडम, रंग जरा घाणेरडा वाटतो."

"चांदीचा आहे तो."

"पण गिऱ्हाइकाला पांढरं लागतं. मलमपट्टी म्हटलं की पांढरी. हे पांढरं होणार नाही का?"

"होईल. चांदी काढली की होईल."

तो खुश झाला. "मग काढा ना! नाव आपण सिल्व्हरच ठेवू."

मला वाटलं आता मॅडम फुटणार. पण त्या मला म्हणाल्या, "पत्रकवाल्या, यांना चहा दे. दूध घालू नकोस, नाव दुधाचाच चहा ठेवू." तो माणूसही हसला. त्याला कळलं नव्हतं.

आता सोजर.

सोजर आष्टीकडची. दरसाल दिवाळी झाली की नवरा बापूबरोबर ऊस तोडायला जाणारी. माहेर मात्र अंबाजोगाईजवळ. हंगामाच्या शेवटी शेवटी कोयता उसाऐवजी नडगीवर बसला. फडात हळद, चुना, तंबाखू, जे हाताला लागलं ते भरलं आणि काम चालू ठेवलं. उन्हाळ्यात माहेरी आली तेव्हा जखम तळहाताएवढी झाली होती आणि वास मारत होता. एक सर्जन आमच्या माणसांना स्वस्तात बघायचे, त्यांच्या दवाखान्यात मी तिला नेलं. रोज पट्टी बदलायची. रोज गॉज जखमेला चिकटून बसायचं आणि ओढलं की खाली आलेली नवी कातडीही त्याच्याबरोबर निघायची. बरी व्हायची तेवढी रोज सोलायची. सोजर ओठ दाबून छताकडं बघायची, तिचा आवाज कधी बाहेर आला नाही.

बाहेरच्यांना एक गोष्ट ठाऊक नसते ती सांगतो. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको पडली की कोयता अर्धा, आणि अर्धा कोयता मुकादम गाडीत घेत नाही. मुकादमानं बापूला सांगून ठेवलं होतं, "सोजर उभी राहिली तर ठीक. न्हाईतर रेखाला घे, कोयता पुरा कर." रेखा म्हणजे त्यांची पोरगी. सातवीत.

म्हणजे त्या पायाला दिवाळीची मुदत होती. आणि मॅडमच्या खोलीत न चिकटणारी, जंतू मारणारी जाळी काचेच्या बंद भांड्यात पडून होती. मला यात विचार करण्यासारखं काहीच दिसेना. मी सोजरला रिक्षात घातलं, सर्जनला बरोबर घेतलं आणि थेट त्या खोलीत नेलं.

मॅडमनी आधी जखम बघितली, मग तोंड बघितलं.

"बाई, तुमची ती जाळी लावा म्हणत्यात हे भाऊ," सोजर म्हणाली.

"नाही लावणार."

"कावून?"

"ती काय करेल मला माहीत नाही."

"मंग कुणाला माहीत हाय?"

"अजून कुणालाच नाही."

सोजर हसली. त्या पायानिशी हसली. "मंग इतकी वर्सं काय केलं वं बाई?"

"हेच. काय माहीत नाही ते शोधत बसले." मग मॅडम तिच्यासमोर खाली फरशीवर बसल्या आणि सांगायला लागल्या. हा धागा पाण्यात विरघळतो. विरघळू नये म्हणून मी त्याला एका औषधाची वाफ देते. त्या वाफेचं थोडं विष आत राहतं. किती राहतं ते मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही. जंतू मारणारी वस्तू नवी कातडीपण मारू शकते. ताटलीत कातडी नसते, नुसते जंतू असतात. जनावरावर बघायची परवानगी मागितलीय, उत्तर आलेलं नाही.

सर्जन म्हणाले, "मॅडम, एवढं काय? लावून बघू. कोण विचारतंय?"

मॅडमनी चष्मा काढला आणि कोटाला पुसला. "डॉक्टर, म्हणूनच नाही."

मी ओरडलो. कॉलेजच्या अंगणात येऊन, पोरांच्या देखत ओरडलो. तुमचं विज्ञान पोट भरलेल्यांचं आहे, म्हणालो. तुमची शुद्धता एका पोरीची शाळा खाणार, म्हणालो. त्या बाईनं स्वतः हो म्हटलंय, तुम्ही कोण नाही म्हणणाऱ्या?

मॅडमचा आवाज पुरता उमापूरचा झाला. "ती हो म्हणती कारण तिला दुसरं काय न्हाई! हो म्हणायला बी काहीतरी हातात असावं लागतं बाबा. आमच्या वस्तीत नव्या औषधाचे कॅम्प यायचे. पाटलाच्या गल्लीत कावून यायचे न्हाईत कधी? माझ्या आईच्या दंडाला अशीच सुई टोचली, लावून बघू म्हणून. दंड आयुष्यभर वर गेला न्हाई. कोण विचारायला आलं? जिथं कुणी विचारत न्हाई तिथंच सगळं लावून बघत्यात. तू पत्रकं लिहितोस ना? हे लिही."

मी नाही लिहिलं. रागानं निघून गेलो आणि बरेच दिवस तिकडं फिरकलो नाही.

पण मॅडम फिरकत होत्या, हे मला नंतर सोजरनंच सांगितलं. रोज दुपारी कॉलेज सुटलं की त्या दवाखान्यात. पट्टी बदलणाऱ्या माणसाच्या शेजारी उभ्या. गॉज ओढू द्यायच्या नाहीत. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी वर धरायचं, हळूहळू ओतायचं, आणि थांबायचं. त्या माणसाच्या मागं रांग असायची, तो कटकट करायचा. "मॅडम, असं भिजवत बसलो तर दिवस पुरंल का?" त्यावर त्यांचं उत्तर, "बाकीच्यांना मी भिजवते." आणि भिजवायच्या. रसायनशास्त्राची प्राध्यापिका दवाखान्याच्या बाकावर बसून लोकांच्या पट्ट्या भिजवायची. शोकसभेतल्या त्या चौघांपैकी एकानंही हे सांगितलं नाही. यात चांदी नव्हती ना.

श्रावणात मी गेलो तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची बाही खाली ओढलेली होती. चहा देताना ती वर सरकली. मनगटाच्या वर दोन चौकोन, मुद्दाम खरवडलेले. एक कोरडा, खपली धरलेला. दुसरा लाल, सुजलेला, कडेनं चिघळलेला.

"जाळी कुठल्या चौकोनाला लावली होती?" मी विचारलं.

त्यांनी सुजलेल्यावर बोट ठेवलं.

मी म्हणालो, "म्हणजे तुमचंच बरोबर होतं."

"काही बरोबर नव्हतं," त्या तुटकपणे म्हणाल्या. "वाफेनं झालं असेल. चांदीनं झालं असेल. मी खाजवलं असेल. एका हातावरून काय कळतं?" आणि बाही खाली ओढली. भांड्याच्या काचेला टेकून त्या आतल्या जाळीकडं बघत राहिल्या. ती बाई रडली नाही, पण ते बघणं मला रडण्यापेक्षा जड गेलं. ती जाळी सोजरला लावायची माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त घाई होती. त्यासाठी त्यांनी हात सोलून घेतला होता आणि हातानं नाही सांगितलं होतं.

दसऱ्याला जखम रुपयाएवढी उरली. दिवाळीला कडा जुळत आल्या, पण मध्ये अजून ओली. सोजर म्हणाली, "मी जाणार. रेखा एकदा फडात गेली की परत शाळंत जात न्हाई. मी बी अशीच गेलते, माझ्या आईच्या जागी." मॅडमनी तिला अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार होत्या? त्यांनी फक्त विचारलं, "तिकडं पट्टी कोण बदलणार?" सोजर म्हणाली, "कोण? ह्योच की." बापूनं मान खाली घातली.

गाडी निघायच्या दिवशी मॅडम एसटीनं सोजरच्या गावी पोचल्या. मीही त्याच ट्रकनं कारखान्यावर जाणार होतो, संघटनेच्या कामाला. ट्रकवर फडाजवळ राहायच्या कोपीचे बांबू, चुली, कोंबड्यांची खुराडी, त्याच्यावर माणसं. मॅडमनी शाळेच्या ओट्यावर धुतलेलं पांढरं फडकं पसरलं, सोजरला बसवलं आणि बापूला म्हणाल्या, "तुम्ही करा. मी बघते."

बापूनं हात धुतले. पाण्याचा एक हबका मारला आणि गॉज ओढलं. सोजरच्या तोंडातून वाफ सुटल्यासारखा आवाज आला. मॅडमनी त्याचं मनगट धरलं.

"बापूराव, ऊस नाही हा."

मुकादमानं हॉर्न वाजवायला लावला. "ओ मॅडम! कारखान्यावर वाट बघत्यात!"

"बघू द्या."

बापूनं पुन्हा पाणी घेतलं. या वेळी हळू. धार धरली आणि हात मांडीवर ठेवून थांबला. ट्रकमधली सगळी माणसं कडेला येऊन वाकून बघायला लागली. एक म्हातारी वरून म्हणाली, "बापू, लग्नात मुहूर्ताला बी एवढा थांबला न्हवतास रं!" हशा झाला. बापू हलला नाही. हॉर्न एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजायचा राहिला. मुकादमसुद्धा खाली उतरून बघायला आला. तो सगळा तांडा, तो ट्रक, ती कोंबडी-शेरडं, एका गॉजच्या तुकड्याची सुटायची वाट बघत उभी होती.

एका कोपऱ्यानं ते उचललं गेलं. मग आपोआप सगळंच सुटून बापूच्या बोटावर आलं. खाली गुलाबी, पातळ, ओलसर कातडी. रक्ताचा थेंब नाही. बापूनं नवं गॉज ठेवलं, बांधलं, आणि वर बघितलं.

मॅडमनी त्याच्या हातातून ते जुनं, पिवळट गॉज घेतलं, नाकाशी नेलं आणि सगळ्यांच्या देखत त्याचा वास घेतला. सडका वास आहे का, ते बघत होत्या. दोनदा घेतला. मग मुकादमाकडं वळून, निघा म्हणून मान हलवली.

ट्रक निघाला. रेखा तिच्या आजीजवळ ओट्याखाली उभी होती, दप्तर पाठीवर, कारण शाळेची घंटा झाली होती. मी मागच्या फळीला धरून बघत होतो. मॅडम ते गॉज मुठीत धरून उन्हात उभ्या होत्या. धूळ उठली तेव्हा त्यांनी पदर नाकाला लावला, आणि दुसऱ्या हातानं रेखाला शाळेकडं ढकललं.